निळ्याकडे गार, लालकडे गरम

सासऱ्यांनी पिकअप मुलीला दिली तेव्हा एक किल्ली तिच्या हातात ठेवली आणि दुसरी स्वतःच्या खिशात. "जावईबापूंना गाडीतलं काही कळायला लागलं की देऊ," म्हणाले. याला सहा वर्षे झाली. सासरे जन्मभर इलेक्ट्रिशियन. धीर धरायची त्यांना सवय होती.

त्यामुळे पिकअपच्या एसीच्या पॅनेलमागचा प्लग वितळला तेव्हा जावयाला त्यात संकट दिसलेच नाही. किल्ली दिसली. गुरुवारी सासऱ्यांना डोळे तपासायला न्यायचे होते. दोन तासांचा रस्ता, तोही भर उन्हात.

"मेकॅनिकला बोलावते," बायको म्हणाली.

"कशाला? बाराच तर तारा आहेत."

"अहो, दारावरच्या घंटेला दोनच होत्या."

(घंटेचा विषय त्याला आवडत नसे. ती वाजायची. फक्त शेजाऱ्यांकडे.)

काम त्याने शिस्तीत केले. जुन्या प्लगचे चित्र काढले, प्रत्येक तारेचा रंग लिहिला आणि मग एकेक तार नव्या प्लगात बसवली. पॅनेल लावल्यावर एकही स्क्रू उरला नाही. (हे आयुष्यात प्रथमच घडत होते.) पंखा फिरला, तेवढ्यावर त्याने समाधान मानले.

गुरुवारी बायको गाडी चालवत होती. सासरे तिच्या शेजारी, जावई मागच्या सीटवर.

"बाबा, बटण पूर्ण निळ्याकडे फिरवा," तो जमेल तितक्या साध्या आवाजात म्हणाला.

सासऱ्यांनी फिरवले. थोड्या वेळाने चष्मा पुसला.

"गरम येतंय."

"सुरुवातीला येतं, बाबा."

आणखी दोन किलोमीटरनंतर त्यांचा शर्ट पाठीला चिकटला. त्यांनी पंखा चारवरून एकवर आणला, तर तोंडावर वादळच आले.

"जावईबापू, ही भट्टी आहे."

"गाडी तापलीय हो. जरा दम धरा."

बायकोने रस्त्यावरची नजर न हलवता हात पुढे केला आणि बटण लालकडे फिरवले. गार हवा आली.

"चित्राचा कागद आहे?" सासऱ्यांनी विचारले. होता, दाखवायला म्हणूनच त्याने तो इस्त्री केल्यासारखा जपला होता.

"सुरेख काढलंय. प्लगच्या कुठल्या बाजूने बघून?"

"मागच्या."

"आणि तारा बसवल्या?"

"पुढच्या..." इथे त्याचा आवाज बारीक झाला.

"म्हणजे डावीकडचं सगळं उजवीकडे." सासऱ्यांचा हात खिशात गेला. जावयाने श्वास रोखला. सासऱ्यांनी रुमाल काढला, घाम टिपला आणि खिशाचे बटण लावून टाकले.

घरी परतल्यावर जावई म्हणाला, "आजच सगळं उलटं करून टाकतो."

"नको!" बाप-लेक एका सुरात ओरडले.

शेवटी सासऱ्यांनीच तोड काढली. तारांना हात लावायचा नाही. नुसत्या बटणावरच्या लाल-निळ्या खुणांची अदलाबदल करायची. त्यांनी एक लाल आणि एक निळी चिकटपट्टी जावयाच्या हातात दिली. "एवढं जमेल ना?"

जावयाने जीव ओतून काम केले. एकही सुरकुती पडू दिली नाही. निळ्यावर निळी, लालवर लाल.