पऱ्हाटीचा कॅप्टन

कोणत्याही प्रगत समाजात भविष्य सांगणाऱ्याला त्याचा भूतकाळ विचारण्याची पद्धत नाही. याच उदार तत्त्वावर अर्थतज्ज्ञ, लग्न जुळवणारे मध्यस्थ आणि फँटसी क्रिकेटचे विश्लेषक हे तिन्ही वर्ग देशाची अखंड सेवा करीत आहेत. प्रस्तुत लेखक यांपैकी तिसऱ्या वर्गात मोडतो. त्याआधी तो पटकथालेखक होता. हे आजवर कोणी विचारले नाही, म्हणून आपण होऊन सांगत आहे.

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या, चिखली तालुक्यातल्या उंद्रीचा. कापसावर सिनेमा लिहायचा म्हणून मुंबईला गेलो. विषय घरचाच होता. बोंडअळीला दाद न देणारे बीटी बियाणे आले तेव्हा गावाला झालेला आनंद मी पाहिला होता आणि पुढे अळी त्या बियाण्याला सरावली तेव्हाची शांतताही. निर्मात्यांना कथा फार आवडली. फक्त कापूस आवडला नाही. कापूस पडद्यावर उठत नाही, असे त्यांचे मत पडले. मग पहिल्या खर्ड्यातला शेतकरी नायक दुसऱ्या खर्ड्यात तलाठी झाला, तिसऱ्यात कलेक्टर झाला आणि चौथ्यात कलेक्टरची लंडनला शिकणारी मेहुणी झाला. उंद्रीचे महाबळेश्वर झाले. कपाशीची स्ट्रॉबेरी झाली. शेवटच्या खर्ड्यात मूळ कथेतला कापूस एकाच जागी शिल्लक होता, नायकाच्या कुर्त्यात. (कपडेपटवाल्याने तोही टेरिकॉटचा आणला.) चित्रपट निघाला नाही. मराठी प्रेक्षकांवर असे उपकार माझ्या हातून वारंवार झाले आहेत.

बोंडअळीने आमच्या भागाचे नाव पेपरात आणले त्याच्या पुढच्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी गावी परतलो. गावात सांगितले की संशोधनासाठी आलो आहे.

"कायचं संशोधन?" आईने, म्हणजे जनकाबाईने विचारले.

"गोष्टीचं."

"मंग अंगोय करून घे, पाणी तापलं हाय," ती म्हणाली, आणि माझ्या मुंबईच्या कारकिर्दीवरची घरातली चर्चा संपली.

माझे वडील पंजाबराव यांनी तेवढेही विचारले नाही. ते मोजके बोलतात. माझा एकही सिनेमा का आला नाही हे त्यांनी कधी विचारले नाही, आणि आला असता तर तेही विचारले नसते.

फाट्यावर जुनेदचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. जुनेद माझा शाळेपासूनचा मित्र. आयपीएल सुरू होती आणि दुकानात दुरुस्तीला आलेल्या मोबाइलपेक्षा मोबाइलमध्ये डोके घातलेली माणसे जास्त होती. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही (असे जिल्ह्यात दोघे-तिघे असावेत) त्यांच्यासाठी सांगतो. दोन्ही संघांतून आपले अकरा खेळाडू निवडायचे, त्यातला एक कॅप्टन करायचा. तो मैदानावर जे करील त्याचे दुप्पट गुण आपल्याला. म्हणजे कष्ट त्याचे, अंदाज आपला आणि श्रेयही आपले. साहित्यसमीक्षेनंतर इतका सोयीचा उद्योग माझ्या पाहण्यात आला नव्हता.

"रवीभाऊ, तू तं स्टोरीवाला माणूस," जुनेद म्हणाला. "सांग ना, आज कॅप्टन कोणाले करू?"

मला निम्मी नावे ठाऊक नव्हती. मी त्यांची घरची परिस्थिती विचारली. कोणाला संघातून काढले, कोणावर लोक हसले, कोणाची बायको माहेरी आहे. एक सलामीवीर हंगामभर बाकावर बसून होता आणि दुसऱ्याचा गुडघा सुजला म्हणून त्या दिवशी खेळणार होता.

"याले कर," मी म्हणालो. "इतकं सोसलेला माणूस मध्यंतरानंतर आऊट होत नसते."

त्याने शतक मारले. दुसऱ्या दिवशी जुनेदने माझ्या मोबाइलला फुकट काच बसवून दिली. पटकथेबद्दल मला मिळालेले ते पहिले मानधन.

तिथून मागे वळून पाहायला उसंत मिळाली नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत निळी चादर लावून आम्ही चॅनेल सुरू केले. नाव, 'रवी सरांची टीम'. मी शिक्षक नाही, असे मी म्हणून पाहिले.

"सर लावलं का मानसं चूक काढत नाहीत," जुनेद म्हणाला. त्याचे हे निरीक्षण पुढे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाले.

माझी पद्धत साधी होती. ज्याच्यावर सगळ्यात जास्त अन्याय झाला तो कॅप्टन, ज्याला स्वतःचे काही सिद्ध करायचे आहे तो व्हाइस कॅप्टन, आणि जो सुखी आहे तो संघाबाहेर. हीच विचारसरणी मुंबईत मांडली की लोक घड्याळ पाहत. इथे तिला डेटा म्हणू लागले. हंगामातल्या माझ्या अंदाजांपैकी ३४ टक्के बरोबर आले, २९ टक्के बरोबर येता येता राहिले आणि उरलेल्या ३७ टक्क्यांत अंदाज बरोबर होता, सामना चुकला. लवकरच दुसरबीडच्या हॉटेलात चहा पाजून माझे मत घेतले जाऊ लागले. देऊळगाव राजाला एका लग्नात नवरदेवाच्या मामाच्या आधी मला फेटा बांधला. (मामा जेवले नाहीत.)

वडिलांवर याचा परिणाम झाला नाही. त्यांना क्रिकेट पटत नाही. एवढी माणसे दिवसभर वावरात उभी राहतात आणि पेरत काहीच नाहीत, हा त्यांचा मूळ आक्षेप आहे.

हंगाम संपला, मे संपत आला आणि विश्लेषक म्हणून माझ्यावर बेकारी येऊ घातली. तेवढ्यात शेजारचे तुळशीराम दुकानात आले.

"सर, यंदा कॅप्टन कोणाले करावं?"

"कोणत्या मॅचमध्ये?"

"पऱ्हाटीच्या."

पऱ्हाटी म्हणजे कपाशी. आमच्याकडे बियाणे कंपनीच्या नावाने ओळखत नाहीत, पाकिटावरच्या चित्राने ओळखतात. त्या साली बाजारात वाघवाले, घोडावाले आणि पैलवानवाले अशी तीन पाकिटे जोरात होती. मला त्यातले काही कळत नाही, असे सांगणे शक्य होते. परंतु मला कळत नाही असे म्हणणारा तज्ज्ञ तत्क्षणी प्रेक्षक होतो, आणि प्रेक्षकांत आधीच गर्दी फार.

'पऱ्हाटीची परफेक्ट टीम' हा व्हिडिओ आम्ही आठवड्याच्या बाजारी टाकला. कॅप्टन वाघ. कारण मागच्या साली वाघाने सपशेल मार खाल्ला होता, लोक त्याला मांजर म्हणू लागले होते, त्यामुळे तो आता पेटून उठणार. व्हाइस कॅप्टन पैलवान. घोडा मागच्या साली चांगला पिकला होता, सबब सुखी, सबब बाहेर. तूर विकेटकीपर. प्रत्येक पाकिटासोबत साध्या बियाण्याची एक छोटी पुडी येते. ती कडेच्या ओळींत पेरायची असते, अळीला तिथे चरू द्यायचे, म्हणजे अळी बीटीला इतक्या लवकर सरावत नाही. मी म्हणालो, अळीसाठी जागा राखणे म्हणजे समोरच्या टीमचा भिडू आपल्या खर्चाने खेळवणे. पुडी बाहेर. (या एका मुद्द्यावर गाव माझे ऐकण्याच्या आधीपासूनच माझे ऐकत होते. ती पुडी कोणीच पेरत नसे.)

व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. आईनेही पाहिला.

"साऱ्या गावाले पटते," ती चुलीपाशी बसून वडिलांना म्हणाली, "अन् बापालेच पटत नाही."

वडिलांनी भाकरीचा घास संपवला. त्यांच्या मनात घोडा होता, हे घरात सगळ्यांना माहीत होते.

"पक्कं हाय का तुह्यं?" त्यांनी मला विचारले.

त्यांनी मला काही विचारण्याची ती पहिलीच वेळ. मी पक्कं आहे म्हणालो. दुसरे काही म्हणणे मला सुचलेच नाही, इतका मला आनंद झाला होता. दुसऱ्या दिवशी ते चिखलीहून वाघ घेऊन आले.

पीक उत्तम उभे राहिले. पोळ्याला लोक पऱ्हाटीच्या उंचीवरून माझी उंची ठरवीत होते. मग फुले मिटलेलीच राहू लागली, गुलाबाच्या कळीसारखी. अळी आत शिरल्याची ही खूण असते. मी व्हिडिओत सांगितले की मधली फळी थोडी दबावाखाली आहे, घाबरून जाऊ नये. दिवाळीनंतर बोंडे फोडून पाहिली तेव्हा आत कापूस थोडा आणि गुलाबी अळी पोटभर होती. वाघात होती, पैलवानात होती आणि घोड्यातही होती. अळीने आमचे चॅनेल पाहिले नव्हते.

लोक मारायला येतील या हिशोबाने मी आईच्या मावशीच्या गावाची एसटी विचारून ठेवली होती. तुळशीराम आले, पण हात जोडून.

"सर, वाघानं धोका देल्ला ना!" ते हळहळले. "जाऊ द्या. पुढच्या साली कोण?"

राग होता तो वाघावर. माझा कोणी उल्लेखही केला नाही. पंचनाम्याला यायचे होते त्या साहेबांच्या कागदावरही नैसर्गिक आपत्ती असेच कारण छापून तयार होते, हे कळल्यावर मला किंचित अपमान झाल्यासारखे वाटले.

वडील मात्र वावरात गेले. त्यांनी एक बोंड फोडले, नीट पाहिले आणि खिशात टाकले. घरी येऊन जेवले. दुसऱ्या दिवशी दुपारी उठून बाहेर गेले. कुठे चाललो ते सांगितले नाही, मोबाइल घरीच ठेवला. आई आधी गोधडी शिवत बसली. मग तिचा दोरा सुईत जाईना.

"रवी," ती म्हणाली, "पाह्य बरं जरा."

मी जुनेदला फोन केला. तो हातातला मोबाइल उघडाच टाकून मोटरसायकल घेऊन आला. वावरात कोणी नव्हते. गोठ्यात फवारणीचा पंप जागेवर होता, त्याच्याशेजारची औषधाची बाटली होती की नव्हती ते मला आठवेना, कारण त्या गोठ्यात मी उन्हाळ्यापासून गेलो नव्हतो. आम्ही विहिरीकडे पळालो. आणि इथे एक गोष्ट नोंदवणे कर्तव्य आहे. पळता पळता माझ्या डोक्यात चित्र येत होते. विहिरीचा काठ, काठावर वहाणा, वहाणांवर कॅमेरा थांबलेला. पाय पळत होते आणि आत कोणीतरी म्हणत होते की सीन चांगला आहे. मुंबईत इतकी वर्षे जे जमले नाही ते तिथे एका क्षणात जमले.

काठावर वहाणा नव्हत्या. पाणी स्वच्छ होते. जुनेदने वाकून दोनदा पाहिले.

मग आम्ही मोठा निंब पाहिला, धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा. मग पुलाखालचा नाला. शेवटी फाट्यावर परत आलो तर केस कापायच्या दुकानातून वडील बाहेर येत होते. गुळगुळीत दाढी, भांग पाडलेला आणि मिशी काळीकुट्ट.

"काऊन रे," ते म्हणाले, "धापा काऊन टाकून राह्यले दोघं?"

"तुम्ही कुठी गेल्ते बाबा?"

"दिसत नाही काय? उद्या पंचनाम्याचे साहेब येऊन राह्यले. प्रत्येकाचा वावरात उभं करून फोटो काढनार हायेत म्हने. म्हटलं, मिशी करून घ्यावं."

ते आमच्याकडे पाहत राहिले. जुनेदच्या पँटला गुडघ्यापर्यंत नाल्याचा गाळ लागला होता. माझ्या हाताला विहिरीवरचे शेवाळ होते. त्यांना हळूहळू कळले.

"पऱ्हाटी गेली," ते म्हणाले. "म्या कुठी चाललो?"

जुनेदने मान खाली घातली. "चाचा, मिशी लय भारी दिसून राह्यली," तो म्हणाला.

घरी येईपर्यंत वडील मोटरसायकलवर जुनेदच्या मागे, माझ्या पुढे बसले होते आणि मी मागून त्यांचा सदरा धरून ठेवला होता. त्यांनी तो सोडायला सांगितले नाही. आईने त्यांना दारात पाहिले, मिशी पाहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना माझ्यादेखत शिव्या दिल्या. मग पदर तोंडाला लावून आत गेली.

"पुढच्या साली सोयाबीन," वडील पाणी पिऊन मला म्हणाले. "अन् तू त्याच्यावर व्हिडिओ नको करू."

दुसऱ्या दिवशी साहेब आले. वडील धुतलेले धोतर नेसून वाळल्या पऱ्हाटीत उभे राहिले. साहेबांनी मोबाइल उभा धरला, आडवा धरला आणि शेवटी खाली घेतला.

"काका, नुकसान झालेलं वाटत नाही. जरा चेहरा पाडा ना."

"असाच हाय," वडील म्हणाले.

फोटो तसाच काढावा लागला. मला खात्रीने सांगण्यात आले आहे की जिल्ह्यातल्या सगळ्या पंचनाम्यांत एवढा नीटनेटका आपत्तिग्रस्त दुसरा नाही.

आता राहिले तुम्ही. आम्ही मोटरसायकल काढली तेव्हा तुम्हीही मनाशी एक अंदाज बांधला होता, हे मला ठाऊक आहे. खरे तर बुलढाणा आणि कापूस हे दोन शब्द एकत्र वाचले तेव्हाच बांधला होता. विहिरीपाशी तुम्ही जरा सरसावून बसलात. मिशीचा अंदाज कोणाचा होता, त्यांनी हात वर करावा. कोणाचाच नाही. उलट वडील दुकानातून बाहेर आले तेव्हा तुम्हाला हायसे वाटले, आणि त्या हायसे वाटण्याच्या तळाशी थोडी निराशाही होती. यात लाजण्यासारखे काही नाही, इतके वाचल्यावर माणसाची तेवढी अपेक्षा असणारच. (वाचकांना झालेल्या गैरसोयीबद्दल पंजाबरावांनी दिलगिरी व्यक्त करावी, असे मी त्यांना सुचवून पाहिले. त्यांनी नकार दिला आहे.)