सासऱ्यांचा पूल, आमचं दार

मी एकदा काम हातात घेतलं की ते तडीस नेतोच! हे वाक्य मी घरात उच्चारलं की बायको नुसती बाल्कनीच्या कठड्याकडे बघते. तो अर्धा हिरवा आहे. उरलेला अर्धाही मी रंगवणारच आहे, सवड झाली की.

माझ्याबद्दलचं सासऱ्यांचं मत त्या कठड्यावरून कायमचं ठरलं होतं. ते निवृत्त इंजिनियर. नदीवरचा तो प्रसिद्ध पूल, दोन उंच मनोरे आणि त्यांच्यापासून खाली ताणलेल्या तारांचा पंखा, तो त्यांच्या देखरेखीखाली उभा राहिला. निवृत्तीच्या वेळी ऑफिसातल्या मंडळींनी त्यांना त्याच पुलाचं जिगसॉ पझल भेट दिलं. दोन हजार तुकडे! पण डोळे अधू झाले, बोटं थरथरायला लागली आणि खोका कपाटावर गेला. अधूनमधून बाबा तो खाली काढायचे, झाकणावरचं चित्र बघायचे आणि परत ठेवून द्यायचे. बायकोला ते बघवेना. एके दिवशी तिनं गुपचूप खोकाच घरी आणला.

"बाबांच्या पंचाहत्तरीला लावून द्यायचंय," ती म्हणाली. "मी बसेन रोज थोडं थोडं."

"तू कशाला? मी लावतो! एकट्यानं!"

तिनं बाल्कनीकडे बघितलं. मग मात्र मी इरेला पेटलो.

पहिली अडचण जागेची. चित्र लांबलचक, जेवणाच्या टेबलावर मावेना. पलंगावर मांडावं तर गादी दबते. लांब, सपाट आणि उचलायला हलकी अशी घरात एकच वस्तू होती. बाथरूमचं दार! मी बाहेरची मूठ काढली, बिजागऱ्या सोडवल्या आणि दार दोन खुर्च्यांवर आडवं टाकलं.

"अहो, दार कुठाय?" बायकोची किंकाळी.

"त्याच्यावर पूल बांधतोय."

"आणि तोवर आपण?"

"पडदा लावतो की!"

पडद्याला कडी नसते. म्हणून नियम ठरला, आत जाणाऱ्यानं गाणं म्हणायचं. गाणं चालू, म्हणजे आत माणूस आहे. बायकोचा गळा बरा आहे. माझं गाणं ऐकून वरच्या मजल्यावरच्या काकू मात्र विचारायला आल्या, कुणाला बरं नाही का!

पूल त्या मानानं सोपा होता, आकाशानं माझा जीव घेतला. निळ्याशेजारी निळा, त्याच्याशेजारी आणखी निळा! ऑफिसात साहेब बोलत असले की मी त्यांच्या कपाळावर कुठला तुकडा बसेल ते बघत बसायचो. पण वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी शेवटचा तुकडा बसला! बायकोनं टाळ्या वाजवल्या. मला अगदी भरून आलं. उचलताना चित्र सुटू नये म्हणून मी त्याच्यावर गोंद ओतला, सढळ हातानं.

सकाळी चित्र उचलायला गेलो, तर दारही बरोबर वर आलं! गोंद फटींतून झिरपून थेट दाराला जाऊन चिकटला होता.

तेवढ्यात बेल. संध्याकाळी येणारे बाबा सकाळीच हजर!

"या बाबा! पाणी आणू?"

"पाण्याचं नावही काढू नका, जावईबापू. बाथरूम!"

बायकोनं त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छांमध्ये अडकवलं आणि मी दार घेऊन धावलो. प्रत्येक बिजागरीला चार स्क्रू लागतात. मी एकेक पिळला, बाकीचे नंतर बघू म्हटलं. पूल उभा, नदीही उभी! बाबांचा चष्मा खिशात, त्यामुळे त्यांना काही दिसलं नाही. ते वाऱ्यासारखे आत गेले. दार बंद झालं.

थोड्या वेळानं आतून खडखड.

"जावईबापू, दार उघडत नाही!"

दार एका कोपऱ्यानं खचून फरशीवर घट्ट बसलं होतं. आतली कडी ओढून ओढून बाबांच्या हातात आली.

"बाहेरून धक्का मारा!"

मी मागे सरलो, खांदा पुढे केला, तोच बायको हात पसरून दारासमोर उभी!

"पुलाला धक्का लावायचा नाही!"

"अगं, आत बाबा आहेत!"

"आणि बाहेर त्यांचा पूल आहे!"

"कसला पूल?" आतून आवाज आला.

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"तुमचा, बाबा," मी म्हणालो. "पझलमधला. मी लावलाय. या दारावर."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"तारा सगळ्या बसल्या?"

"सगळ्या."

आतली खडखड थांबली. मग नाक ओढल्याचा आवाज.

"खबरदार कुणी हात लावाल तर! मी इथे मजेत आहे!"

आता काय करावं? शेवटी तोडगाही त्यांनीच काढला.

"बिजागऱ्या माझ्या बाजूला आहेत. फटीतून स्क्रूड्रायव्हर सरकवा." थोडा वेळ कुरकुर ऐकू आली. मग, "एका बिजागरीला एकच स्क्रू? कुणी बसवलं हे?"

"मी."

"वाटलंच! माझ्या पुलावर असतात तर नदीत ढकललं असतं तुम्हाला! आता धरा नीट."

आम्ही तिघांनी मिळून दार अलगद बाहेर आणलं आणि खुर्च्यांवर ठेवलं. बाबांनी चष्मा लावला. थरथरतं बोट एकेका तारेवरून फिरवत ते या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"जावईबापू," ते म्हणाले, "तुम्ही काम पूर्ण केलंत."

आयुष्यात पहिल्यांदाच! बायकोनं बाल्कनीकडे ढुंकूनही बघितलं नाही. मी इतका फुगलो, की बोलून गेलो, "घेऊन जा बाबा, तुमचंच आहे!"

ते घेऊन गेले. दारासकट. आता ते त्यांच्या दिवाणखान्यात बिजागऱ्यांसह विराजमान आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बाबा अभिमानानं सांगतात, आमच्या जावयानं केलंय.

बाथरूमला नवं दार मी स्वतःच बनवायला घेतलंय. अर्धं झालंय. तोवर पडदा आहेच.

परवा आमचे साहेब जेवायला आले होते. पोटभर जेवले, पाणीही भरपूर प्यायले आणि मग उठून हळूच विचारते झाले. नियम सांगावाच लागला.

खरं सांगतो, साहेबांचा आवाज फार गोड आहे!