बिनधुराची चूल

"माणसाची सगळी प्रगती एका शब्दात मावते: एक्झिबिशन!" ईट गावच्या शाळेचे गोपाळकृष्ण मास्तर स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणाले.

"मावू द्या. भाकरी कुठं भाजू ते सांगा," लीलाबाई म्हणाल्या.

तालुक्याच्या ब्लॉक कचेरीनं मास्तरांच्या घरी बिनधुराची चूल घालून दिली होती. गावानं ती बघावी आणि घरोघर घालावी, असा बेत. कचेरीचे साहेब पाहायला येणार होते, आणि मास्तरांची तुळजापूरची बदली साहेबांच्याच शिफारशीवर अडली होती. मास्तरांचे वडील, भाऊ, खोकून खोकून अर्धे झाले होते; त्यांना तुळजापुरात, आपल्या घरी डोळे मिटायचे होते. तेव्हा चूल काळी होऊन चालणार नव्हतं. मास्तरांनी तिला चुना दिला, पुढं दोरी बांधली.

"निजामाच्या वक्ताला नुमाइश भरायची, तीच का ही?" भाऊंनी विचारलं.

"नुमाइश हौसेची, भाऊ. एक्झिबिशन शिकण्यासाठी. कोर्टात खुनाची कुऱ्हाड मांडतात, ती एक्झिबिट. तिनं कुणी लाकडं फोडतं का?"

"न्हाय फोडत. पण पाणी तरी ऊन करून दे रे."

"साहेब येऊन जाऊ द्या."

साहेब काही येईनात. घर शेजारच्या कडूबाईच्या चुलीवर जेवू लागलं.

"मास्तर, चूल तुमची बिनधुराची," कडूबाई भिंतीवरून ओरडायची, "अन् धूर समदा माझ्या डोळ्यात!"

गाव मात्र लोटलं. कुणी चुलीला हळदकुंकू वाहिलं. लिंबाजीनं वाकून आत पाहिलं. "लई ब्येस. नुसती बिनधुराची न्हाय, बिनभाकरीची बी हाय."

शेवटी एका दुपारी शरणबसप्पा साहेब आले. जीप ओढ्यात रुतलेली, पाय चिखलानं भरलेले. चूल पाहून हरखले.

"वा! इतकी स्वच्छ चूल तालुक्यात दुसरी नाही."

मास्तरांनी हळूच बदलीचा विषय काढला.

"बदली? चूल भिंतीत बांधलेली, ती काय तुळजापूरला येते? आणि तिची अशी निगा दुसरा कोण राखणार? आता मोठ्या साहेबांना ही दाखवायला आणतो. तुम्ही इथून हलायचं नाही, मास्तर. कायमचे इथंच."

आतल्या खोलीतला खोकला थांबला. भाऊंनी भिंतीकडं तोंड केलं.

लीलाबाई दोरीला धरून उभ्या होत्या. साहेबांनी पाटावर बसकण मारली, टोपी काढून घाम पुसला.

"वहिनी, सकाळपासून पोटात काही नाही. जरा चहा टाकता का?"