टाकीत गेल्या गोवऱ्या

गोठ्यात शेणाचा एक गोळाही शिल्लक नाही हे पाहून डोंगरकडा गावच्या मसाजींचं टाळकं सटकलं. अंगणात गोबरगॅस बांधून महिनाच झाला होता. आता आमच्या घरात धूर दिसणार नाही, असं ते गावभर सांगत फिरले होते. आणि घरात त्यांची बायको सिंधूबाई टाकीसाठीचं शेण पळवून गोवऱ्या थापत होती.

"काहून गं, टाकीनं काय माती खायची?"

"मंग दूध काय तुमच्या टाळक्यावर तापवू?"

गोवरीच्या विस्तवावरच साय जाड येते, हे सिंधूबाईंचं ठाम मत होतं. मसाजींनी रागाच्या भरात वाळक्या गोवऱ्यांचा अख्खा ढीग टोपल्यांनी उचलला आणि टाकीत ओतला. "शेणच हाय ना? खा म्हणावं!" टाकीचं तोंड गच्च चोंदलं.

दुसऱ्याच दिवशी त्यांच्या लेकीला, मोहिनीला पाहायला कळमनुरीहून माणिकराव आणि कमलबाई आले. त्यांच्या मुलानं मोहिनीला एका लग्नात पाहून पसंत केलं होतं, होकार आईबापांचा उरला होता. मसाजींच्या तोंडाला घाबरून आधीची दोन स्थळं परत गेली होती. हे जाऊ नये म्हणून मसाजी ओसरीवरच्या बाजेवर दातावर दात दाबून गोड हसत बसले होते.

आत शेगडीची ज्योत फडफडली आणि विझली. सिंधूबाई दाराशी येऊन कुजबुजल्या, "अवं, गॅस गेला."

"स्टोव्ह पेटव."

"रॉकेल कुठाय? डिझेल संपलं म्हणून तुमीच काल हिरीवरच्या इंजिनात ओतलं."

"मंग चूल पेटव!"

"कशानं? गोवऱ्या टाकीत घातल्या. कापसाच्या पऱ्हाट्या आता लागत न्हाईत म्हणून तुमीच बांधावर जाळल्या!"

कुजबूज एव्हाना वेशीपर्यंत ऐकू जात होती. माणिकराव खाकरून म्हणाले, "चहाची तकलीफ ऱ्हाऊ द्या."

"ऱ्हाऊ द्या? चहा पिल्याबिगर जाऊन तर दाखवा!" मसाजी गरजले.

माणिकरावांनी चप्पल शोधायला सुरुवात केली. सिंधूबाईंनी तोंडाला पदर लावला. हेही स्थळ गेलं, हे नवरा-बायको दोघांनाही कळलं आणि फार वाईट वाटलं.

तेवढ्यात मोहिनी बाहेर आली. अंगावर नवी साडी, हातात कुऱ्हाड.

"बाबा, उठा!"

"आगं, पाव्हणे..."

"उठा म्हणलं ना! पाव्हण्यावर वरडता? आन् माय, तुला सायीचं पडलंय. यांना घोटभर पाणी तरी दिलं का कोणी? तुमी भांडून राहिले आन् नाक माझं कापून राहिले!"

मसाजी निमूट उठले. मोहिनीनं बाज आडवी पाडली आणि दोन घावांत तिचा पाय तोडला.

"हे जळतं. होतो चहा. बसा सगळे."

सगळे बसले. मसाजी जमिनीवर.

चहा धुरकट झाला होता, पण कमलबाईंनी तो बशीत ओतून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. मग त्या पहिल्यांदाच बोलल्या, "पोरगी आमाला पसंत हाय."

मसाजींचा विश्वास बसेना. "इहीनबाई, जराशी रागीट हाय..."

"आमाला तशीच पायजे," कमलबाई नवऱ्याकडे डोळे वटारून म्हणाल्या. "गोबरगॅससाठी यांनीबी दारात खड्डा खांदून ठेवलाय. मी एकटी कुठवर वरडू?"

माणिकराव टोपी सारखी करत खाली बघू लागले.