गाडी ठोकायली

“साहेब, जनावराला अर्ज खाता येत न्हाई, वैरण लागती वैरण!” असं म्हणून अर्जुनरावांनी टेबलावर मूठ आपटली. साहेबांच्या चहाचा कप बशीत उडाला आणि अर्धा चहा फायलींवर सांडला.

साहेबांनी शांतपणे रुमालानं चहा टिपला. बीडच्या त्या कचेरीत दुष्काळ सुरू झाल्यापासून रोज कुणी ना कुणी मूठ आपटून जात असे. “अर्जुनराव, तुमच्या गावाला चारा छावणी एकच मिळणार. ती तुमच्या दूध संस्थेच्या जागेत द्यायची की सुंदररावांच्या सोसायटीच्या, ते मी आज दुपारी गावात येऊन ठरवतो. तुम्ही हजर राहा. नसलात तर सुंदरराव त्यांची जागा दाखवतील आणि मी तिथंच सही करून मोकळा होईन.”

“पावसाळा कोरडा गेला तवापासून हेच ऐकायलोय!”

“मग दुपारपर्यंत आणखी ऐका,” साहेब म्हणाले.

अर्जुनराव तणतणत बाहेर पडले. संतापायला त्यांना कारण लागत नसे, पण या खेपेला कारण होतं. संस्थेचे सभासद दुभती जनावरं नेकनूरच्या बाजारात मातीमोल भावानं विकू लागले होते. संस्थेच्या जागेतल्या बोअरला जनावरांपुरतं तरी अजून पाणी होतं. सुंदररावांची जागा म्हणजे नुसता खडक, आणि तिथल्या विहिरीत गेल्या उन्हाळ्यापासून खडखडाट. तरी सुंदररावांनी अर्ज केला होता, आणि तो का केला हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. शाळेत असल्यापासून दोघांचं एकमेकांशी पटलं नव्हतं.

अर्जुनरावांची पांढरी मोटार साखर कारखान्याच्या लिलावातली. दूध संस्थेच्या चेअरमनला मोटार हवी म्हणून त्यांनी ती घेतली, आणि ड्रायव्हर परवडत नाही म्हणून स्वतः चालवायला शिकले. त्यातही त्यांचा एक नियम होता. घाट असो की खड्डा, वरचा गियर सोडायचा नाही. खालच्या गियरमध्ये पेट्रोल जास्त जातं आणि शिवाय माणूस खाली उतरल्यासारखा दिसतो, असं त्यांचं मत होतं.

मांजरसुंब्याचा घाट चढताना बॉनेटखालून आवाज सुरू झाला. टक टक टक टक, डब्यात खडे घालून कुणी हलवावा तसा. अर्जुनरावांनी रागानं ॲक्सिलरेटर आणखी दाबला. आवाज वाढला. “तूबी सुंदररावाला सामील झालीस का गं?” त्यांनी मोटारीला विचारलं. मोटारीनं एक गचका दिला आणि कशीबशी फाट्यावर पोचली.

फाट्यावर बंकटचं गॅरेज होतं. बंकटला गाडी दुरुस्त करण्यापेक्षा गाडीवर बोलणं जास्त आवडे. त्यानं पान्ह्याचं एक टोक इंजिनाला लावलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटून मान डोलावली.

“चेरमन, गाडी ठोकायली.”

“कुणाला ठोकायली बे? मी रस्त्यात कुणाला धक्कासुदिक लावला न्हाई!”

“तसं न्हाई वो. इंजन ठोकायलंय, आतून ठोके देतंय. पेट्रोल कुठं भरलतं?”

“रस्त्याच्या कडंला एक जण ड्रमातून देतोय. सवस्त पडतंय.”

“राकेल हाय त्यात. चांगलं पेट्रोल ठिणगी पडायची वाट बघतंय. ह्ये हलकं पडतंय, दम निघत न्हाई त्याला. पिष्टन वर चढायलंय तवर ह्ये आपलं आपणच पेटून बसतंय. मग ठोक्यावर ठोका. त्यात तुमी घाट वरच्या गियरवर चढलात, मंजी इंजनाच्या मानंवर बसून चढलात. आन् आत कार्बन किती साचलाय देवाला ठाऊक. इंजनाचं हेड, वरलं झाकण, खोलावं लागंल.”

अर्जुनरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. दुधात पाणी घालणाऱ्याला ज्यांनी भर सभेत संस्थेबाहेर काढलं होतं, त्या अर्जुनरावांना पेट्रोलात राकेल घालून कुणी विकावं! त्यांनी ड्रमवाल्याच्या खानदानाचा उद्धार केला. मग राकेलाचा केला, मग सरकारचा. तेवढ्यात त्यांना साहेबांची आठवण झाली.

“बंकट, तुज्याकडं फोन हाय न्हवं? संस्थेत लाव. सेक्रेटरीला सांग.”

“तुमीच बोला की.”

“उत्तरेश्वराशी? त्याच्याशी मी बोलत न्हाई!” सेक्रेटरी उत्तरेश्वरानं सकाळी अर्जुनरावांच्या स्वतःच्या म्हशीच्या दुधाला फॅट कमी लावला होता. तेव्हापासून त्याच्याशी शब्द बोलायचा नाही, अशी त्यांनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवून शपथ घेतली होती.

बंकटनं नंबर फिरवला. पलीकडं संस्थेच्या दारात टँकर आलेला असावा. घागरी-हंड्यांचा आणि बायकांच्या भांडणाचा गलका अर्जुनरावांना दोन हात लांबूनही ऐकू येत होता. बंकट घसा ताणून ओरडू लागला.

“हॅलो! दूध संस्था का? फाट्यावरून बंकट बोलायलोय. चेरमनची गाडी ठोकायली! आँ? हां, हां, घाटात. लई ठोकायली! आता हेड खोलावं लागंल. हेड, हेड! कोण, चेरमन? हितंच हायत, पर बोलत न्हाईत. न्हाई बोलत म्हणलं ना, किती येळा सांगू! ह्ये बघा, गॅरंटी मी देत न्हाई. लई जुनं झालतं, इतके दिस चाललं तेच नशीब. तुमी माणसं गोळा करा. मांडव घाला. साहेब यायलेत!”

“चांगलं सांगितलंस,” अर्जुनराव म्हणाले. दिवसभरात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या मनासारखं काम केलं होतं.

चांगलं सांगितलं होतं खरं, पण त्या गलक्यात ‘ठोकायली’मधला ‘आय’ टँकरच्या पाण्याबरोबर वाहून गेला होता. उत्तरेश्वराच्या कानात ‘ठोकली’, म्हणजे धडकली, एवढंच पोचलं. बाकीचं त्यानं स्वतःच्या अकलेनं लावून घेतलं. हेड म्हणजे डोकं, हे त्याला इंग्रजी चौथीपर्यंत शिकल्यामुळे माहीत होतं, आणि डोकं खोलायचं तर बीडच्या सरकारी दवाखान्यातच. गावात पुढं काय घडलं ते अर्जुनरावांना मागाहून तुकड्या-तुकड्यानं कळलं, आणि दर तुकड्याला ते नव्यानं संतापले. टँकरपाशी बातमी होती की चेअरमनची गाडी ठोकली आणि डोकं खोलायचंय. ती चावडीपाशी आली तेव्हा डोकं खोललं होतं. वेशीवरच्या कडूबाईनं विचारलं, “डोकं खोलल्यावर माणूस ऱ्हातंय व्हय गं?” आणि तिथंच अर्जुनराव वारले.

त्यांना स्वतःला मात्र हे ठाऊक नव्हतं. बंकट टाकीतलं पेट्रोल उपसत होता. हेड आज खोलत नाही, ठिणगीचं टायमिंग थोडं मागं घेतो, चांगलं पेट्रोल घालतो, पण गाडी दमानं न्यायची, असं ठरलं होतं. तेवढ्यात गावचा ट्रॅक्टर समोरून भरधाव बीडकडं गेला. ट्रॉलीत गावातले सगळे तगडे गडी दाटीवाटीनं बसले होते.

“आरं ए! साहेब यायच्या वक्ताला कुठं उंडारायला निघालात बे?” अर्जुनराव रस्त्यात येऊन ओरडले. ट्रॉलीतल्या एकानंही मागं वळून पाहिलं नाही. ते सगळे त्यांनाच बघायला सरकारी दवाखान्यात निघाले होते. पाठोपाठ, अर्जुनराव गॅरेजात शिरून बंकटवर खेकसत असताना, साहेबांची जीपही फाट्यावरून गावाकडं वळली.

दिवस कलायला लागला तेव्हा अर्जुनराव गावात शिरले. खालच्या गियरमध्ये चालवावं लागल्यानं आधीच अपमान झाल्यासारखं वाटत होतं. संस्थेपुढं मांडव होता, माणसं गोळा झाली होती, पुढं साहेब उभे होते. सगळं सांगितल्याप्रमाणं. फक्त सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या आणि कुणी हूं की चूं करत नव्हतं.

‘कुणीतरी गेलं वाटतं,’ अर्जुनरावांच्या मनात आलं. त्यांना चीड आली. मरायला आजचाच मुहूर्त सापडावा? पण रीत ती रीत. त्यांनी गाडी बंद केली, टोपी काढली आणि सगळ्यांच्या मागं मान खाली घालून उभे राहिले.

मग सुंदरराव बोलायला पुढं झाले.

“आर्जुन गेला. माजा दुस्मन हुता, पर मन सोन्याचं हुतं. जनावरांसाठी हेलपाटे घालता घालता गेला. साहेब, आज मी खरं सांगतो. माजी जागा खडकाची हाय. हिरीत पाण्याचा ठिपका न्हाई. निस्तं आर्जुनला हारवायचं म्हणून म्या अर्ज केलता. आता कुणाला हारवू? छावणी त्याच्याच जागंत द्या, त्याच्याच नावानं द्या!”

“खरं हाय,” मागून अर्जुनराव पुटपुटले. कोणता अर्जुन ते त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं, पण सुंदरराव जन्मात पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलत होते. साहेबांनी डोळे पुसले. “सकाळी माझ्याशी भांडून गेले हो ते,” असं म्हणत त्यांनी फाईल मागवली आणि खिशातून पेन काढलं. त्याच वेळी अर्जुनरावांना माणसांच्या फटीतून खुर्चीवरचा फोटो दिसला. फोटोला हार होता, आणि फोटोत ते स्वतः होते.

“मी कवा मेलतो बे?”

मांडवात हलकल्लोळ झाला. कडूबाईनं किंकाळी फोडून जमिनीवर अंग टाकलं. उत्तरेश्वर खुर्चीमागं लपला. साहेबांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल झाला, आणि पेन परत खिशात गेलं.

“हा काय तमाशा आहे? मंजुरीसाठी मेल्याचं सोंग?”

“सोंग? मी गॅरेजात हुतो! गाडी ठोकायली हुती!”

“ठोकली तर खरचटलं कसं नाही?”

“ठोकली न्हाई वो, ठोकायली! ठोकायली!” अर्जुनराव थयथयाट करू लागले. पण साहेब होते कोकणातले, त्यांना दोन्हींतला फरक कळेना.

सुंदररावही आता पेटले. एवढं चांगलं बोलून बसल्याचा त्यांना भयंकर राग आला होता. “साहेब, म्या जागा सोडली ती मेलेल्या आर्जुनसाठी. जित्यासाठी न्हाई! माजा अर्ज कायम हाय!”

“मग दोन्ही अर्ज रद्द,” साहेब म्हणाले. “छावणी दुसऱ्या गावाला देतो.”

मांडवातल्या माना पुन्हा खाली गेल्या. आताचं दुःख खरं होतं. जो तो आपापल्या दावणीचा विचार करत होता.

इतक्यात अर्जुनरावांच्या बायको छबुबाई आल्या. गावभर अर्जुनराव मेले होते तेव्हा ही बाई गोठ्यात शांतपणे म्हशीची धार काढत होती. ‘ह्यांचं डोकं लग्नापासून मला खोलता आलं न्हाई, डाक्टरला काय खोलतंय,’ असं म्हणून तिनं रडायला आलेल्या बायकांना परत धाडलं होतं. नवऱ्याकडं न बघता त्या सरळ सुंदररावांपुढं उभ्या राहिल्या.

“भावजी, तुमची जागा खडकाची हाय, हिरीत ठिपका न्हाई, असं तुमीच म्हणलात न्हवं?”

“म्हणलो,” सुंदरराव खाली बघत म्हणाले.

“मग ह्ये जिते निघाले म्हणून तुमच्या हिरीला पाणी लागलं का?”

छबुबाई साहेबांकडं वळल्या. “आन् साहेब, माणूस मेला न्हाई म्हणून जनावरांनी मरायचं, ह्यो कुठला कायदा?”

साहेबांनी छबुबाईंकडं पाहिलं, मग सुंदररावांकडं पाहिलं. सुंदररावांनी नाइलाजानं मान हलवली. साहेबांनी पुन्हा पेन काढलं, मोटारीच्या बॉनेटवर फाईल उघडली आणि टोपण काढून खाली वाकले.

तेवढ्यात अर्जुनरावांचा बांध फुटला. “वा रं न्याव! पावसाळ्यापासून जिता माणूस तुमच्या दारात हेलपाटे घालायलाय, तवा ह्यो पेन खिशातनं निघाला न्हाई. आन् आज घंटाभर मेलो तर…”

साहेबांचा हात थांबला. त्यांनी मान वर केली.

छबुबाईंनी नवऱ्याचा दंड धरून त्यांना मागं ओढलं आणि दात आवळून म्हणाल्या, “अवो, सही होऊस्तोर तरी मेलेलेच ऱ्हावा की!”

अर्जुनरावांनी एकदा गावाकडं पाहिलं. मग तोंड मिटलं, डोळे मिटले आणि सही होऊन साहेबांची जीप धुरळा उडवत वेशीबाहेर जाईपर्यंत फोटोशेजारी मेल्यासारखे उभे राहिले.