डेल्मर रसावर आहे

रविवारची प्रार्थना आटोपून मंडळी चर्चच्या तळघरात कॉफीला उतरली आणि डेल्मर ट्वीटनने लिंबाच्या वड्या नको म्हटल्या. सगळं बिघडलं ते इथून.

आता नको म्हणण्यात तसं काही वावगं नाही. आमच्या मिनेसोटात पहिल्यांदा सगळेच नको म्हणतात. दुसऱ्यांदा 'कशाला उगीच' म्हणायचं आणि तिसऱ्यांदा 'बरं, अगदी लहानशी' असं म्हणत ताटातली सर्वांत मोठी वडी उचलायची. लहान पोरांनाही हे शिकवावं लागत नाही. अर्लिस हॉगनने ताट पुढे केलं ते याच हिशेबाने.

"नको गं, अर्लिस."

"अरे घे रे, एकच."

"नको, खरंच."

"ही कडेची घे. कडक आहे बघ, तुला आवडते तशी."

"नको. मी ठीक आहे."

अर्लिसने आयुष्यात प्रथमच चौथ्यांदा आग्रह केला. डेल्मरने कॉफीलाही हात लावला नाही, टोपी घातली आणि जिना चढून निघून गेला. अर्लिस ताट धरून तशीच उभी. आमच्याकडे पाय मोडलेला माणूससुद्धा 'तसा बरा आहे' म्हणतो. त्यामुळे माणूस आपणहून 'मी ठीक आहे' म्हणाला की समजायचं, काही खरं नाही.

वास्तविक डेल्मर रसावर होता. गाजर, बीट, सेलरी आणि केल नावाचा तो कडू पाला यांचा रस प्यायचा, बाकी काही खायचं नाही, म्हणजे शरीर आतून धुऊन निघतं, अशी ती भानगड होती. पण उभा जन्म धान्याच्या कोठारावर पोती उचलण्यात घालवलेल्या माणसाने, सत्तरी उलटल्यावर आपण पाला पिळून पितो, हे चारचौघांत सांगायचं? त्यापेक्षा मेलेलं काय वाईट!

आणि हे थेर त्याने शरीरासाठी चालवलेही नव्हते. शरीराबद्दल त्याची काही तक्रार नव्हती.

त्याची बायको लव्हॉन मार्च महिन्यात गेली. ती होती तोवर कॅलिफोर्नियाहून मुलीचा, मारेनचा, फोन आला की डेल्मर "हां, थांब, आईला देतो" एवढंच बोलायचा. लव्हॉन गेली आणि फोन द्यायला घरात कुणी उरलं नाही. बापलेकीला एकमेकांशी बोलायची पाळी आली, आणि दोघांनाही ते येत नव्हतं.

"थंडी आहे का, बाबा?"

"आहे. तू बर्फाचे टायर घातलेस का?"

"इथे बर्फ पडत नाही, बाबा."

"हां. ते एक बरं आहे."

असे फोन हळूहळू विरळ होत गेले. उन्हाळा संपेपर्यंत ते जवळपास थांबलेच. डेल्मर रोज संध्याकाळी फोनशेजारच्या खुर्चीत बसायचा आणि अंधार पडला की उठून दिवा लावायचा. त्याला फार एकटं वाटायचं, पण हे तो कुणाला सांगणार होता?

मग पानगळ सुरू झाली तेव्हा मारेनचा फोन आला. "बाबा, मी रसाचा उपास करणार आहे, चांगला लांबलचक. तुम्हीही करा ना माझ्याबरोबर. रोज संध्याकाळी एकमेकांना सांगायचं, आज काय प्यायलो ते."

त्यातलं 'रोज संध्याकाळी' एवढंच डेल्मरच्या कानात शिरलं. ती एरंडेल प्या म्हणाली असती तरी तो बाटली घेऊन बसला असता.

तिने रस काढायचं यंत्र पाठवलं, यानेही गाजरांची पोती आणली, आणि खरोखरच रोज फोन यायला लागला.

"आज काय घेतलंत, बाबा?"

"गाजर."

"कालही गाजरच होतं."

"पोतं आणलंय गं. संपवायला नको?"

यावर ती हसायची. हसताना थेट आईसारखी वाटायची. मग ऑफिसातल्या कटकटी, शेजाऱ्यांचं मांजर, असं काही बोलत बसायची. डेल्मरच्या पोटात कावळे ओरडत असायचे, पण फोन ठेवला की तो पातेलंभर गाजरं धुऊन उद्याची तयारी करायचा.

इकडे सोमवारी अर्लिस दारात हजर. हातात काचेच्या भांड्यात हॉटडिश. हॉटडिश म्हणजे खाली खिमा, मध्ये मशरूमचं घट्ट सूप आणि वर बटाट्याच्या गोळ्या. जन्म सोडून बाकी सगळ्या संकटांवर आमच्याकडे हेच औषध आहे. आता वाटतं, जन्मावरही देतात.

"जास्त झालं होतं," अर्लिस म्हणाली, "म्हटलं, देऊन यावं."

काय होतंय, कुठे दुखतंय, हे तिने विचारलं नाही. तसं विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात न सांगता शिरणं. डेल्मरनेही काही सांगितलं नाही. तो भांडं घेऊन आत गेला आणि श्वास रोखून, डोळे मिटून त्याने ते फ्रीझरमध्ये ढकललं.

मंगळवारपासून सगळ्यांच्याच घरी जास्त व्हायला लागलं. डेल्मरचा फ्रीझर आधीच हरणाच्या मांसाने भरलेला. भांडी गॅरेजमध्ये ठेवावीत तर नेमकी तेव्हाच हवा उबदार झाली. अन्न टाकून देणं लव्हॉनला खपलं नसतं, आणि भांडं तर घासून, चव कशी होती ते सांगून परत करावं लागतं. शेवटी त्याने सगळं एका मोठ्या पातेल्यात उपसलं आणि गावाबाहेरच्या ऑर्विन टोलेफसनला नेऊन दिलं. ऑर्विन अविवाहित शेतकरी, कधी कशाला नाही म्हणत नाही.

"सगळं मलाच?" ऑर्विनने विचारलं.

"मला आता काय करायचंय?" डेल्मर म्हणाला.

ऑर्विन पातेलं चाटूनपुसून जेवला आणि गावात येऊन म्हणाला, "डेल्मरने आवराआवर सुरू केली. घरातलं वाटून टाकतोय."

त्यात डेल्मरच्या विजारी कमरेवर राहीनात. त्याने वडिलांच्या वेळचे पट्टे खांद्यावरून घेतले, तेही सैल. पुढच्या रविवारी पास्टर लुंडीन यांनी हात मिळवला आणि त्यांना दिसलं, की याचा तळवा पिवळाधमक आहे. कावीळ! म्हणजे यकृत. म्हणजे संपलंच. तळघरात कुजबुज झाली, आणि आमच्या गावात कुजबुज झाली की निकाल लागलेला असतो.

पास्टर घरी आले. बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर नोव्हेंबर होता, म्हणजे बघण्यासारखं काही नव्हतं.

"थंडी पडली," पास्टर म्हणाले.

"पडायचीच."

"डेल्मर, तुम्हाला भजनं कुठली आवडतात?"

"मला कुठे त्यातलं कळतं, पास्टर? लव्हॉनला आवडायची ती. ते पहाटेचं, आणि ते होडीचं. आणखी एक होतं, शेवटी सगळे हळू म्हणायचे ते."

पास्टरांनी मान हलवली. मग घसा साफ करून म्हणाले, "आणि जेवणात... हॅम की बीफ?"

"हॅम," डेल्मर म्हणाला. इतक्या दिवसांच्या उपासानंतर तो शब्द उच्चारताना त्याचे डोळे पाण्याने भरले. पास्टरांनी ते पाहिलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

पास्टर गेले आणि डेल्मर विचारात पडला. भजनं? हॅम? हे तर मयताच्या जेवणाचं बोलणं झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी तो न्हाणीघरात गेला आणि खाली लालभडक पाहून भिंतीला टेकला. आदल्या दिवशी आपण घागरभर बीट प्यायलो होतो, हे त्या घाबरलेल्या जिवाच्या लक्षातच आलं नाही. त्याने सरळ हिशेब मांडला. गावाला सगळं ठाऊक आहे, मागे तपासणी केली होती तेव्हाचं काहीतरी डॉक्टरांनी पास्टरांच्या कानावर घातलंय, फक्त आपल्याला कुणी सांगत नाही. आणि विचारायचं तरी कसं? लोकांना उगीच अवघडल्यासारखं होईल.

संध्याकाळी फोन आला. "कसं वाटतंय, बाबा?"

"बरं आहे."

"आवाज बारीक येतोय. उपास सोडायचाय का?"

"नाही नाही!" डेल्मर जवळजवळ ओरडला. उपास सुटला की फोन सुटला. मरायचंच असेल तर रोज संध्याकाळी पोरीशी बोलत मरावं, असं त्याने ठरवून टाकलं होतं. "आणखी चालू दे. मला मानवलंय."

दोन दिवसांनी अर्लिसने सगळे संकेत मोडून कॅलिफोर्नियाला फोन लावला.

"मारेन, मी अर्लिसमावशी. काही विशेष नाही गं. इकडे थंडी पडलीय. म्हटलं, तू यंदा जरा लवकर येतेस का बघावं."

मारेन इथलीच पोर. 'काही विशेष नाही' म्हणजे काय ते तिला लगेच कळलं. "मावशी, काय झालंय बाबांना?"

"मला काय कळतंय त्यातलं? पण बायकांनी वड्या करून ठेवल्यात, चर्चच्या फ्रीझरमध्ये."

इतक्या वड्या आधीच करून ठेवतात त्या मयताच्या जेवणासाठी. मारेनने मिळेल ते विमान पकडलं. दारात बाप उभा होता, हडकलेला, हळदीने माखल्यासारखा. कॅलिफोर्नियात राहून पोरगी बिघडली होती, ती सरळ प्रश्न विचारायची.

"बाबा, तुम्ही मरताय?"

"दिसतंय तसं."

"कोण म्हणालं?"

"म्हणालं कुणीच नाही. पण हॉटडिश येतायत."

ती त्याला तशीच गाडीत घालून डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी तळवे पाहिले, डोळे पाहिले, रक्त घेतलं, आणि विचारलं, "गाजरं किती खाता?"

"खात नाही. पितो. पातेलंभर."

"आणि बीट?"

"ते घागरभर. अधूनमधून."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "ट्वीटन, तुम्हाला काहीही झालेलं नाही. हा पिवळेपणा गाजरांचा आहे. गाजरं बंद करा आणि घरी जाऊन जेवा."

दोघं बाहेर गाडीत येऊन बसली. जीव वाचला म्हणून माणसाने खूश व्हावं, पण डेल्मरचा चेहरा मघापेक्षा पडला होता.

"म्हणजे उपास संपला," तो म्हणाला.

"संपला. मीही आता सोडतेच. रविवारी संध्याकाळी निघेन, बाबा. रजा नाही."

"हां. जाताना भाड्याच्या गाडीचे टायर बघून घे."

गावाला हायसं वाटलं, नाही असं नाही, पण थोडी चिडचिडही झाली. हॅम येऊन पडला होता, वड्या तयार होत्या, गाणाऱ्यांनी तिन्ही भजनं घोटून बसवली होती. वाया घालवणं आमच्या रक्तातच नाही. तेव्हा रविवारी प्रार्थनेनंतर तळघरात ते जेवण झालंच. डेल्मरला पुढच्या टेबलावर बसवलं, मयताचे घरचे बसतात तिथे. शेजारी मारेन. ठेवणीतले काळे कपडे घातलेली माणसं एकेक करून समोर आली, आणि अशा वेळी वेगळं काय बोलायचं ते कुणालाच न सुचल्यामुळे नेहमीचं बोलली.

"फार भला माणूस होता," ऑर्विन हात दाबत म्हणाला.

"होता?"

"सवयीने गेलं रे तोंडातून."

मग गाणाऱ्यांनी सुरुवात केली. पहाटेचं झालं, होडीचं झालं. तिसऱ्या भजनाला, ते हळू म्हणायचं तिथे, डेल्मरने अर्धवट खाल्लेला हॅम खाली ठेवला आणि तो रडायला लागला. लव्हॉनच्या मयतात हा माणूस सबंध वेळ चर्च गरम ठेवणारी तळघरातली भट्टी नीट चालते की नाही ते तपासत होता, आणि मारेन कपबशा विसळत होती. दोघांच्याही डोळ्यांतून तेव्हा टिपूस आलं नव्हतं. आता तो मोठ्याने, हुंदके देत रडला आणि त्याला पाहून मारेनचाही बांध फुटला. आम्ही सगळे आपापल्या कॉफीत बघत बसलो. दुसरं काय करणार? पण कुणी उठून गेलं नाही.

"भजनं सगळी आईचीच आहेत," मारेन नाक ओढत म्हणाली.

"मला दुसरी येतात कुठे?"

मग ती म्हणाली, "बाबा, आई असताना माझा फोन आला की तुम्ही लगेच तिला द्यायचात. सुरुवातीला मला वाटायचं, माझ्याशी बोलायचा तुम्हाला कंटाळा येतो."

डेल्मर हातातला कागदी रुमाल चुरगाळत राहिला. "कंटाळा कसला? मी तिथेच बसलेला असायचो. ऐकत."

"ते मग कळलं मला," मारेन म्हणाली. "पुढे आई दर वेळी कुजबुजायची. जरा मोठ्याने बोल गं, म्हणायची, तुझे बाबा वर्तमानपत्र उलटं धरून बसलेत."

डेल्मरने मान खाली घातली. लव्हॉनने ही गोष्ट त्याला कधीच कळू दिली नव्हती.

"तशीच मोठ्याने बोलत जा," तो म्हणाला. "आता ऐकायला मी एकटाच आहे."