खड्ड्यासमोरची भिंत

“सूनबाई, ज्यानं जन्मभर गोलसमोर भिंत करून उभं राहण्याची भाकरी खाल्ली, तो उद्या आपल्यालाही उभं करील. त्याला मत देऊ नकोस,” असं सासूबाई म्हणाल्या होत्या. सुनेनं ते हसण्यावारी नेलं. माणूस फुटबॉलमधला नावाजलेला बचावपटू, पुढे संघाचा व्यवस्थापक. शिवाय प्रचारात त्यानं तिच्या बाळाला कडेवर घेतलं होतं आणि बाळ रडलं नव्हतं.

तो नगरसेवक म्हणून निवडून आला आणि त्याच सुमारास गल्लीतल्या गटाराचं झाकण गेलं. बाळ नुकतंच पावलं टाकू लागलेलं. तिचा जीव टांगणीला लागला. तिनं पालिकेत तक्रार केली. नगरसेवक जातीनं आले, खड्ड्याभोवती फिरले आणि गंभीरपणे म्हणाले, “वहिनी, झाकण म्हणजे एकटा खेळाडू. आपला विश्वास सांघिक खेळावर.”

त्यानुसार रहिवाशांनी खड्ड्याभोवती खांद्याला खांदा लावून भिंत करायची, असं धोरण ठरलं. जर्सी आल्या. जागा सोडणाऱ्याला पिवळं कार्ड. दुसऱ्यांदा सोडली तर घरचं पाणी बंद. शिंप्याला शिंकेपायी ताकीद मिळाली. मोसम संपला तेव्हा खड्ड्यात कुणीही पडलं नव्हतं, म्हणून गल्लीला उत्कृष्ट बचावाचा चषक मिळाला. वाण्याचं दुकान तेवढं बसलं होतं, पण छाती फुगली होती.

मग एके सकाळी पालिकेचा माणूस हातगाडीवरून झाकण घेऊन आला. गल्ली खवळली. निवृत्त मुख्याध्यापकांनी विचारलं, संघ ऐन भरात असताना हा उपरा कुणी मागवला? तो बिचारा म्हणाला, तक्रार या बाईंचीच आहे. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती आता कर्णधार होती.

“परत न्या,” ती म्हणाली. “माझ्या लेकराच्या जिवाचा प्रश्न आहे. लोखंडावर कोण विसंबणार?”

टाळ्या पडल्या. तेवढ्यात दमलेल्या शिंप्याच्या जागी बदली खेळाडू आला. जर्सी गुडघ्यापर्यंत, श्वास फुललेला. सासूबाई.

“तुम्ही इथं? मग बाळापाशी कोण?”

“तुझा नवरा असेल की. मला बोलावणं आलं, मी निघाले.”

खड्ड्याच्या पलीकडच्या बाजूला भिंतीत उभ्या असलेल्या नवऱ्यानं मान खाली घातली.

तिची टाच उचलली गेली. पंचासारखे शेजारी उभ्या असलेल्या नगरसेवकांचा हात खिशाकडे गेला. एक पिवळं कार्ड तिच्या नावावर आधीच होतं. टाच खाली आली.

मग तिनं मान वळवून, इतका वेळ कडेला उभं राहून मजा बघणाऱ्या तुमच्याकडे पाहिलं.

“अहो, तुम्ही रिकामेच दिसताय. ते कोपऱ्यावरचं घर, दार उघडंच आहे. बाळाला जरा बघून येता का? आता पळायला लागलंय ते.”